दाखल नसलेला पेशंट

नेब्रास्कातल्या त्या छोट्या इस्पितळात डेलबर्टरावांनी पलंगावर चार रात्री काढल्या. मनगटाला नावाची पट्टी, अंगात मागून उघडा झगा आणि दोन्ही वेळच्या ट्रेमध्ये हिरवी जेली. आणि आज घरी सोडायच्या दिवशी कँडिस नावाची समाजसेविका त्यांच्या बायकोला, वेर्नाबाईंना, सांगत होती की ते दाखल झालेलेच नाहीत.

"दाखल नाही? मग पलंगावर कोण झोपलंय, शेजारचा?"

"तसं नव्हे, मिसेस ह्रुश्का. ते फक्त निरीक्षणाखाली आहेत."

"चार रात्री? अगं, इतकं तर मी त्याला लग्नाआधीसुद्धा निरखलं नव्हतं!"

कँडिस हसली नाही. मेडिकेअरचा, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्याचा, नियमच तसा, म्हणाली. तीन दिवस रीतसर दाखल असाल, तरच पुढे शुश्रूषा केंद्राचा खर्च मिळतो. निरीक्षणाचे दिवस त्यात धरत नाहीत.

वेर्नाबाई हिशेब करू लागल्या. बर्फावरून घसरून नवऱ्याच्या कमरेच्या हाडाला चीर गेलेली. त्या केंद्रात त्याला पुन्हा उभं राहायला, चालायला शिकवणार होते. तसाच घरी नेला तर एवढ्या आडदांड माणसाला संडासला उठवून नेणार कोण? त्यांचे स्वतःचे गुडघे केव्हाच संपावर गेले होते. आणि केंद्राचा खर्च पदरचा करायचा तर राहतं घर विकायला काढावं लागलं असतं.

"पण हे असं ठरवलं कुणी?"

"पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, फार दुखतंय का. हे म्हणाले, 'छे, चाललंय.' मग त्यांनी नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं."

झालं! आमच्या मक्याच्या मुलखात यंत्रात बोट सापडलं तरी माणूस चाललंय म्हणतो आणि वर समोरच्याला कॉफी विचारतो. हे त्या शहरी डॉक्टराला कुणी सांगायचं?

कँडिसने आवाज खाली आणला. "डॉक्टर आता येतीलच. घरी तुम्हाला झेपणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. आजपासून तरी दाखल करून घ्यायचा विचार ते करू शकतील."

ती गेल्यावर वेर्नाबाई मनातल्या मनात घोकत बसल्या. मला झेपणार नाही. तीनच शब्द, पण चर्चच्या जेवणावळीला एकटीने सगळे केक भाजायची वेळ आली तेव्हाही त्यांच्या तोंडून ते निघाले नव्हते.

"डेल, डॉक्टर आले की जरा कण्ह बाबा."

"लोक काय म्हणतील?" डेलबर्टराव म्हणाले.

तेवढ्यात डॉक्टर आले. "मग, घरी तुमच्याकडे बघायला कोण आहे?"

वेर्नाबाईंनी तोंड उघडलं, पण डेलबर्टरावांनी आधीच त्यांचा हात धरला होता.

"ही आहे ना, माझी वेर्ना! अख्ख्या काउंटीत हिच्यासारखी बाई मिळायची नाही, डॉक्टर. हिला सगळं झेपतं."

पंचावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी चारचौघांत बायकोचं कौतुक कधी केलं नव्हतं. जेवण आवडलं तर पुन्हा वाढून घेत, बस. वेर्नाबाईंचे डोळे भरून आले. राग म्हणावा तर आनंद होत होता, आनंद म्हणावा तर त्याच हाताला कचकन चिमटा काढावासा वाटत होता.

"नशीबवान आहात," म्हणत डॉक्टरांनी घरी सोडायच्या कागदावर सही केली. मग वेर्नाबाईंकडे वळून म्हणाले, "तुम्ही काही म्हणत होतात?"

डेलबर्टराव कौतुकाने बघत होते. हात अजून सोडला नव्हता.

"हो," वेर्नाबाई म्हणाल्या, "त्याला धरून उठवायचं कसं, तेवढं एकदा दाखवून द्या."