दोन स्क्रीन, एक चित्र

आमच्या घरात कुठलीही वस्तू नाव झाकून विकत घेतली जाते. ही माझ्या नवऱ्याची, उपेंद्रची पद्धत. दोन प्रकारचा चहा आणायचा, पुडे लपवायचे, दोन कप समोर ठेवायचे आणि विचारायचं, सांगा, कुठला चांगला? कोणालाच फरक कळला नाही की स्वस्त पुडा कायमचा आमचा. तांदूळ असाच ठरला, उशा अशाच ठरल्या. तो एका बांधकाम कंपनीच्या खरेदी विभागात आहे, तिथली सवय घरी आली. माझ्याशी लग्न तेवढं तू नाव बघून केलंस, असं मी त्याला चिडवते, आणि तो म्हणतो, तेव्हा अनुभव कमी होता.

त्या शनिवारी दुपारी आम्ही दुबईतल्या एका मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात होतो. ऑगस्ट संपत आलेला, शाळा-कॉलेजं उघडायची होती, आणि आम्ही राहतो ते निम्मं शारजा तिथे लोटलं होतं. वेदांग, आमचा अठरा वर्षांचा एकुलता एक मुलगा, ॲनिमेशनच्या डिग्रीला लागणार होता. त्याच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा होता.

ही डिग्री उपेंद्रच्या गळी उतरवताना आम्हा मायलेकांचा जीव अर्धा झाला होता. शेवटी तो हो म्हणाला, पण एका अटीवर. कुठेही काही गडबड दिसली तर नाव काढायचं आणि मुकाट्याने बीबीएला बसायचं. नाव काढून घ्यायची मुदत येत्या सोमवारपर्यंत होती, तोवर कॉलेज फी परत देणार होतं. ती तारीख उपेंद्रने कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली होती. मी आणि वेदांग दूध काढताना तिच्याकडे बघायचं टाळत होतो.

दुकानात दोन लॅपटॉप उरले. एक वेदांगने घरूनच ठरवून आणलेला. दुसरा उपेंद्रला तिथे ऑफरमध्ये सापडलेला.

"हा फाइव्ह थाउजंड थ्री हंड्रेड दिरहम. म्हणजे सव्वा लाख रुपये," उपेंद्र म्हणाला. "आणि हा ट्वेन्टी नाइन हंड्रेड, म्हणजे अडुसष्ट हजार. प्रोसेसर तोच, मेमरी तीच. फरक फक्त स्क्रीनचा. मग स्क्रीनचीच परीक्षा घेऊ."

"बाबा, नॉट हिअर," वेदांग म्हणाला.

पण उपेंद्र कामाला लागलाही होता. त्याने ऑफरची पत्रकं घेऊन दोन्हींच्या किमती आणि कंपन्यांची नावं झाकली. खैरुद्दीन नावाचा सेल्समन मदतीला आला होता, त्याला नवीन खोके शिल्लक आहेत का ते बघायला पिटाळलं. वेदांगच्या पेन ड्राइव्हवरचं एकच चित्र दोन्ही स्क्रीनवर लावलं, वेदांगला पाठ करून उभं केलं आणि लॅपटॉपची जागा दोन-तीनदा अदलाबदल केली. मग स्वतः टेबलाच्या पलीकडे, लॅपटॉपच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला. परीक्षा घेणाऱ्याने नमुना बघायचा नसतो, हाही त्याचा ऑफिसातला नियम.

"वळ आता. कुठली स्क्रीन चांगली?"

चित्रात मी होते. आमच्या बाल्कनीत मटार सोलत बसलेली. वेदांगने ते कॉलेजच्या प्रवेशासाठी काढलं होतं. डावीकडच्या स्क्रीनवर मी मीच होते, सावळी, जरा दमलेली. उजवीकडे मात्र माझी पार वाट लागली होती. गाल हिरवट, ओठ मातकट, जणू सोललेल्या मटारांचाच रंग माझ्या तोंडाला फासला होता. मला हसू आवरेना.

"सेम," वेदांग म्हणाला. "देअर इज नो डिफरन्स."

मला वाटलं, बापाची गंमत करतोय. मी त्याच्याकडे बघितलं तर तो स्क्रीनकडे बघतच नव्हता. तो माझ्या तोंडावरचं हसू बघत होता. त्यावरून त्याला कळलं की फरक आहे आणि आपण चुकलो. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

हा प्रकार मला ठाऊक होता. माझ्या भावाला, दौलतला, मर्चंट नेव्हीच्या मेडिकलमध्ये रंगीत ठिपक्यांचं पुस्तक दाखवलं होतं आणि त्याला त्यातले आकडे दिसले नव्हते. लाल आणि हिरवं त्याला एकच. बोट गेली, त्याने हार्डवेअरचं दुकान टाकलं, आणि आमच्या घरात तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. आईकडून मुलाकडे येतं, असं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते. वेदांगचे सगळे मित्र ड्रायव्हिंग लायसन्ससाठी डोळे तपासून आले आणि हा पठ्ठ्या "नंतर बघू" म्हणत राहिला. चित्र काढताना मला हाक मारून "आई, हे कसं वाटतं?" विचारायचा. मी म्हणायचे, छान.

"बघ, म्हटलं नव्हतं?" उपेंद्र खुशीत पुढे आला आणि स्वस्त लॅपटॉपचं झाकण मिटलं. "ॲनिमेशनवाल्याला स्वतःला फरक कळत नाही, तर सव्वा लाख कशाला? खलास. खैरुद्दीनभाई, ये वाला पॅक कर दो."

खैरुद्दीन खोका घेऊन आलाच होता. "सर, वॉरंटी एक्स्टेंड करनी है क्या?"

"दिखाओ, क्या क्या है," म्हणत उपेंद्र त्याच्याबरोबर काउंटरकडे निघाला. वॉरंटीची घासाघीस म्हणजे त्याचा आवडता विषय. तेवढा वेळ मला मिळाला. मी वेदांगचं मनगट धरलं आणि त्याला प्रिंटरच्या रांगेमागे ओढलं.

"केव्हापासून?"

"आई, प्लीज."

"केव्हापासून, विचारते मी."

"ऑलवेज. मला कळलं आठवीत. डोंट टेल हिम. मंगळवारी सांगू. सोमवार जाऊ दे."

मला राग आला, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. आठवीपासून हा पोरगा एकटा हे ओझं घेऊन फिरतोय आणि मी रोज त्याला डबा भरून देतेय. "आणि रंगवतोस कसा मग?"

"नंबर्स. प्रत्येक रंगाचा नंबर असतो. मी फोटोवरून नंबर घेतो. तुझ्या स्किनचे मला पाठ आहेत."

"मग तुला कुठली स्क्रीन लागते? खरं सांग."

तो खाली बघत राहिला. "महाग वाली. त्यात नंबर टाकला की तोच रंग येतो. स्वस्त वाली चुकीचा दाखवते. पण इट्स ओके, आय विल मॅनेज. कॉलेजच्या लॅबमध्ये चेक करीन."

म्हणजे गुपित राखायला हा चुकीचा लॅपटॉप घरी न्यायला तयार होता. पहिल्याच असाइनमेंटला कोणीतरी विचारणार, हिरव्या तोंडाची माणसं का काढलीस, आणि हा काय सांगणार? बोलावं तर सोमवार होता. उपेंद्रला एवढं निमित्त पुरे होतं. न बोलावं तर पोरगा वर्गात सगळ्यांसमोर तोंडावर आपटणार. मी आयुष्यात कधी काउंटरपर्यंतचं अंतर इतकं हळू चालले नसेन.

उपेंद्रने कार्ड बाहेर काढलं होतं.

"थांब," मी म्हटलं. "तो दुसरा घे."

"का?"

"मला तो आवडला."

"तुझ्या आवडीचा काय संबंध, उर्मिला? वापरणारा म्हणतोय सेम आहे."

"तरी घे."

नवरा बायकोला वीस वर्षं ओळखत असला की ही पंचाईत होते. मी कारण दिल्याशिवाय हट्ट करत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मागे उभ्या वेदांगकडे. "वन मिनिट, भाई," असं खैरुद्दीनला म्हणून तो पुन्हा त्या टेबलाकडे गेला. मी त्याला अडवणार होते, पण काय सांगून अडवणार? त्याने मिटलेलं झाकण उघडलं. या वेळी तो आमच्या बाजूला, स्क्रीनसमोर उभा होता.

त्याने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं.

"अरे, ही तर हिरवी दिसतेय," तो म्हणाला. "वेदांग, तू सेम म्हणालास?"

मी तोंड उघडलं, पण वेदांग माझ्या पुढे आला.

"बाबा, मला दिसत नाही. रेड-ग्रीन. मी कलर ब्लाइंड आहे."

दोन हात अंतरावर एक फिलिपिनो बाई मुलीला हेडफोन घालून बघत होती. आमच्या मागोमाग आलेला खैरुद्दीन बिचारा खोका छातीशी धरून भलतीकडे बघू लागला. उपेंद्रने कार्ड पाकिटात ठेवलं आणि पाकीट खिशात. मी त्याला ओळखते. तो जितका संतापतो तितका नीटनेटका होतो.

"कॉलेजला माहितीये?"

"नाही."

"फॉर्ममध्ये लिहिलं होतंस?"

"विचारलं नव्हतं त्यांनी."

"वा." त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता, त्याचीच मला धास्ती वाटली. "चार वर्षं रंगांत काम करायचं, आणि रंग दिसत नाहीत. वर्ष झालं तू माझ्याशी भांडतोयस आणि हे सांगितलं नाहीस. सोमवार अजून गेलेला नाही, वेदांग."

"उपेंद्र, दुकानात नको," मी म्हटलं.

"दुकानातच आलोय ना आपण? मग एवढंच सांग मला. तुला दोन्ही स्क्रीन सारख्याच दिसतात, तर ती महागडी तुला कशाला हवी होती?"

मला वाटलं, आता पोरगा रडणार. तो रडला नाही. त्याने ओठ घट्ट मिटले आणि बापाकडे सरळ बघून म्हणाला, "मला दिसत नाही म्हणूनच, बाबा. आय कॅन नेव्हर चेक. तुला दिसतं, आईला दिसतं. बघणारे तुम्ही आहात. चित्र तुमच्यासाठी बरोबर यायला पाहिजे."

उपेंद्रने बोट लावलं महागड्या स्क्रीनवरच्या माझ्या गालाला.

"मग हा तू कसा केलास?"

वेदांगने चित्राची मूळ फाइल उघडली. बाजूला रंगांच्या चौकोनी खिडक्या आणि आकड्यांची रांग आली. त्याने गालाचा आकडा न बघता म्हणून दाखवला, मग सावलीचा, मग कपाळाचा. तिन्ही बरोबर होते. माझ्या तोंडाचा रंग त्या पोराने पाढ्यांसारखा घोकला होता.

"हिचा चेहरा तुला कसा दिसतो?" उपेंद्रने विचारलं. "खरा. समोरचा."

वेदांग माझ्याकडे वळला. "काय सांगू, बाबा? मला आईचा एकच रंग माहितीये."

उपेंद्रने चष्मा पुन्हा काढला. या वेळी तो पुसायला लागलाच नाही, नुसता हातात धरून उभा राहिला. मग खैरुद्दीनला म्हणाला, "भाई, सॉरी. वो नहीं, ये वाला दे दो." आणि वेदांगला म्हणाला, "सोमवारी मी तुझ्याबरोबर कॉलेजात येतोय."

"नाव काढायला?" वेदांगचा आवाज फाटला.

"सांगायला. सुरुवात व्हायच्या आधी त्यांना कळलं पाहिजे. लपवून एक दिवससुद्धा शिकायचं नाही."

"आणि ते नाही म्हणाले तर?"

"तर तू आत्ता मला बोललास तेच त्यांना बोल. ऐकतील, इन्शाल्ला. नाहीच ऐकलं तर मग घरी येऊन बघू." माझ्याकडे न बघता त्याने पुन्हा कार्ड काढलं. सोमवार टळला नव्हता. पण आता तो तिघांचा झाला होता.

शारजाला परतताना अल इत्तिहाद रोडवर नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. उपेंद्र गाडी चालवत होता, मी शेजारी, वेदांग मागे खोका मांडीवर घेऊन.

"आई," वेदांग म्हणाला, "ते चित्र खरंच बरोबर आलंय? छान म्हणू नकोस. ट्रुथ सांग."

आज छान म्हणायची सोय उरली नव्हती. "चेहरा बरोबर आहे," मी म्हटलं. "मटार बरोबर आहेत. गाऊन चुकलाय. माझा गाऊन गुलाबी आहे, तू तो राखाडी केलायस."

"गाऊन फोटोत नीट नव्हता. मनाने केला." तो जरा थांबला. "मग तेव्हा का नाही बोललीस?"

"मला वाटलं, मुद्दाम केलायस. कलेत असतं काहीतरी तसं."

"कसला गुलाबी?"

आता गुलाबी कसा सांगायचा? मी काचेबाहेर बघितलं, तिथे कुठे गुलाबी काही नव्हतं. "लहानपणी घामोळ्यांना तुला कॅलामाइन लावायचे ना पाठभर, अगदी तसा."

उपेंद्रने आरशातून मागे बघितलं.

"कॅलामाइन गुलाबी असतं?" वेदांगने विचारलं.

उपेंद्रच म्हणाला, "हो रे राजा. गुलाबी असतं."