रुपयात उमटलेलं मुख

भोकरच्या पारावर त्या मंगळवारी पाऊल ठेवायला जागा नव्हती. रेणुकादास महाराजांच्या ताम्हनात निजामाच्या टाकसाळीतला एक हाली रुपया होता, आणि म्हणे त्या रुपयात माहूरची रेणुका प्रकटली होती.

"बघा, बघा! आतून उमटली हाय माय!" महाराज गरजत होते. "टाकसाळीनं घडवली न्हाई, सोनारानं कोरली न्हाई! ह्या रुपयाचं तीर्थ डोळ्यात घाला, अंगाला लावा. पर बाटलीतलं औषध घेतलं, की माय कोपली म्हणून समजा!"

रुपयाच्या एका बाजूला नेहमीचा चारमिनार होता. दुसऱ्या बाजूला फारसी अक्षरांच्या जागी मुकुट घातलेलं मुख खोलगट उमटलेलं, कुंकवानं माखलेलं. माहूरला देवीचं नुसतं मुखच असतं, त्यामुळे कोणालाही शंका आली नाही.

साखराबाई आरतीचं ताट घेऊन रांगेत उभी होती. तिची सिंधु माझ्या शाळेतली. पोरीचे डोळे इतके सुजले होते की उजेड सोसेना. नांदेडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, औषध चुकलं तर नजर जाईल. साखराबाईनं बाटली उकिरड्यावर फेकली होती.

"बाई, तुमी शिकलेल्या. पर माय खोटी असंल का?"

"माय खोटी कोण म्हणतंय? रुपया बघू दे."

माझे वडील दत्तोपंत, आमचे अप्पा, नांदेडच्या सरकारी खजिन्यात नाणी पारखायचे. अप्पा वैशाखात गेले. त्यांचं भिंग तेव्हापासून माझ्या पिशवीत असे.

"महाराज, दर्शन घेऊ?"

"लांबून घ्या. बाईमाणसाचा हात चालत न्हाई."

"का हो? मायला लेकीचा विटाळ?" मागून किशनराव पाटील ओरडले. लोक हसले. नाइलाजानं ताम्हन पुढं आलं.

मी पदरानं कुंकू पुसलं आणि भिंग लावलं. मुखाखाली फारसी अक्षरं पुसट दिसत होती. रुपया उलटा केला, तर चारमिनार चेपलेला, मिनार सपाट. मग साखराबाईच्या ताटातला कणकेचा एक दिवा घेतला, त्याचा गोळा करून मुखावर दाबला आणि अलगद सोडवला. खोलगट होतं ते वर आलं.

"अगं बया! मायला दाढी!" साखराबाई किंचाळली.

"मिशा बी हायेत की!" किशनरावांनी कनवटीचा कलदार, म्हणजे इंग्रज सरकारचा रुपया काढून शेजारी धरला. "ह्यो तर विलायतेचा बादशहा! आता नवस फेडायला लंडनला जावं लागंल गड्यांनो!"

पार हसून हसून लोळला. महाराज घाम पुसत म्हणाले, "टाकसाळीची चूक झाली असंल. ती बी मायचीच लीला!"

"आत्ताच तर टाकसाळीनं घडवला नाही म्हणालात," मी म्हटलं. "चुका टाकसाळीतही होतात. घडवलेला रुपया कधी ठशालाच चिकटून राहतो, आणि पुढच्या चकतीवर त्याचंच चित्र उलटं, खोल उमटतं. पण ती चकती कोरी असते. चित्राखाली जुनी अक्षरं नसतात, दुसरी बाजूही ठसठशीत असते. इथं अक्षरं आधीची, मुख नंतरचं. घडून आलेला रुपया तापवून ऐरणीवर ठेवला, वर कलदार ठेवला आणि घण घातला. खाली चारमिनार चेपला. नाहीतर हैदराबादच्या टाकसाळीत कलदारचा बादशहा येईल कुठून? आधी काय झालं आणि नंतर काय, एवढंच विचारायचं."

शेवटचं वाक्य अप्पांचं होतं. मी त्यांचं भिंग पुसून पिशवीत ठेवलं.

महाराजांनी झोळी गुंडाळली. "आवं, जेवून तरी जा!" किशनराव मागून ओरडले. "दिवे शिल्लक हायेत!"

साखराबाई मात्र हसत नव्हती. "बाई, बाटली तर म्या फेकून दिली."

"दुसरी मिळेल. डोळे दुसरे मिळायचे नाहीत. सकाळच्या गाडीनं नांदेडला चल, मी येते."

सिंधुची नजर वाचली. एका डोळ्यात पांढरा ठिपका राहिला, पण वर्गात मोठ्यानं वाचायला ती अजून सगळ्यांच्या आधी उठते.

माहूरला अवश्य जा. पण देवीच्या नावानं कोणी औषध सोडायला सांगितलं, तर त्याचा चमत्कार आधी हातात घ्या, कुंकू पुसा, उलटा करून बघा. देव खरा असेल, तर तेवढ्यानं तो रागावणार नाही. रागावेल तो फक्त ताम्हन धरणारा.