दहा अंगठे

मी सरकारी कारकून. लोकांना फॉर्म बघून कंटाळा येतो, माझा मात्र कोरा रकाना दिसला की हात शिवशिवतो. म्हणून सुगंधाबाईंनी विलायतेचा नऊ पानी फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा मला डिसेंबरातच पुन्हा दिवाळी आल्यासारखं वाटलं.

सुगंधाबाई बोईसरला आमच्या दवाखान्यात नर्स होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, वय सत्तावीस, आणि चालणं असं की बरोबरच्या माणसाला धाप लागावी. साल सहासष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात चाललं होतं, अमेरिकन इंजिनियर जीपमधून धुरळा उडवत इकडे येत होते, आणि आमच्या बाईंना इकडून इंग्लंडला जायचं होतं. तिथल्या एका इस्पितळाने तीन वर्षांसाठी जागा देऊ केली होती. अडलेल्या बाईला मोटारीत घालून मुंबईला पाठवण्यापलीकडे आपल्याला काही येत नाही, हे बाईंच्या मनाला फार लागत असे. ते पुढचं त्यांना शिकायचं होतं.

पण तिकडचा कायदा कडक. त्यांच्या मंडळाचा परवाना असल्याशिवाय परक्या देशातल्या नर्सला तिथे बाळंतिणीला हात लावता येत नाही. परवान्यासाठी घरी जाऊन केलेल्या दहा बाळंतपणांचा पुरावा हवा: तारीख, गाव, बाळाचं वजन, आणि समोर आईची सही किंवा अंगठा. कागद जानेवारी संपायच्या आत तिथे पोचले पाहिजेत.

"सोपं आहे," मी म्हटलं. "दहाच्या दहा एका पाड्यात मिळतील."

काटीपाड्यावर बाईंनी चार वर्षांत बरोबर दहा बाळंतपणं केली होती. मी शाईचा पॅड घेतला, इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि बाईंच्या मागून डोंगर चढलो. पाड्यावर आमचं स्वागत झकास झालं. अंगणात घोंगडी पडली, उकडलेली रताळी आली. दहाही आया पोरं काखेत घेऊन गोळा झाल्या.

आता माझी चूक सांगतो. चूक म्हणजे नियमच. अंगठा घेण्याआधी मजकूर वाचून दाखवायचा, हा माझा बाणा. या डोंगरात न वाचलेल्या कागदावर अंगठे देऊन लोकांचं बरंच काही गेलं होतं, ते मला ठाऊक होतं. तेव्हा मी उभा राहून सगळा फॉर्म मराठीत समजावून सांगितला.

पाड्याची जुनी सुईण लाडकी पुढेच बसली होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण जिभेला काही झालं नव्हतं.

"म्हंजे आमी अंगठं दिलं का बाय विलायतेला जानार?"

"अगदी बरोबर!"

"आन् नाय दिलं तर?"

"तर कशा जातील? मुळीच नाही जाता येणार," मी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

दहाच्या दहा बायकांचे हात पदराखाली गेले.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की रताळं माझ्या घशात अडकलं. मग त्यांनी समोरच्या बाईला विचारलं, "जमने, तुझं पोर कोणी काढलं गं?"

"कोनी नाय. आपलं आपन आलं."

"आणि तुझं गं?"

दुसरी म्हणाली, "मी तवा घरातच नव्हती."

सगळा पाडा हसला. पोरंही हसली, त्यांना काय कळलं देव जाणे. मी चिडून म्हटलं, "अहो, नोंदवहीत तारीख आहे, वजन आहे! सरकारी नोंद खोटी पाडता?"

"तुजी वही तुज्याजवल ठेव," लाडकी म्हणाली. "माजं डोलं गेलं. बाय गेली तर या ठमीला कोन सोडवील?" ठमी लाडकीची पुतणी. आठवा संपून नववा लागलेला, आणि तिचं पहिलंच.

बाईंचा राग तिथेच उतरला. मला वाटलं, आता कागद गुंडाळायला सांगतील. पण त्या लाडकीजवळ जाऊन बसल्या. "तू म्हणतेस ते खरं आहे, म्हातारे. मला हे आधी सुचायला हवं होतं. मी इथल्या कोणाला तयार केलं तर?"

"कोनाला?"

बाईंनी लाडकीच्या सुनेकडे, नवसीकडे, बोट दाखवलं. पाड्यावरच्या प्रत्येक बाळंतपणात बत्ती नवसीने धरली होती. लाडकीने सुनेचे हात चाचपून पाहिले आणि अट घातली: ठमीला नवसी सोडवील, नर्सबायने हात लावायचा नाही. आई आणि पोर धड राहिलं तर अंगठे. हात लावला तर ठमीचा जीव वाचेल, पण अंगठे विसरायचे.

"आम्हाला वेळ कमी आहे," मी कुरकुरलो. "विलायतेचं मंडळ..."

"तुजं मंडल तिकडं," लाडकी म्हणाली. "हितं मंडल मी."

त्यानंतर महिनाभर बाई दवाखाना सुटला की काटीपाडा चढत. नवसीने नखं कापली, कात्री आणि दोरा उकळायला शिकली, नाळेचे ठोके संपेपर्यंत थांबायला शिकली. पोराच्या मानेला नाळेचा वेढा असला तर काय करायचं ते बाईंनी कापडाची बाहुली आणि सुतळी घेऊन तिच्याकडून शंभर वेळा करवून घेतलं. मी रोज कॅलेंडर बघत होतो. हवाई टपालाचे दिवस मोजून मी बाईंना बजावलं, "बारा तारखेला पाकीट पडलं नाही तर विलायत विसरा."

अकरा तारखेला पहाटे निरोप आला. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं अंगणात आली होती. बाई आत गेल्या आणि मी बाहेर पुरुषमाणसांत पॅड घेऊन बसलो. आतून ठमीच्या कण्हण्याहून लाडकीचाच आवाज जास्त येत होता.

तासाभराने बाई बाहेर आल्या. चेहरा पांढराफटक. त्या माझ्याशेजारी धपकन बसल्या.

"काय झालं?"

"डोकं आलंय. मानेला वेढा आहे. आत थांबले तर माझे हात पुढे होतील, कमलाकांत. लागलंच तर नवसी हाक मारील. हाक आली तर मी जाणार, मग कागद गेले चुलीत."

"जाच," मी म्हणालो. फॉर्म अर्धवट राहिला तरी चालेल असं मी जन्मात पहिल्यांदा म्हणालो, आणि मला ते मनापासून वाटत होतं.

बाईंनी काहीतरी धरायला हवं म्हणून माझा पॅडच उचलला आणि झाकण उघडून मुठीत दाबला. जांभळी शाई त्यांच्या कोपरापर्यंत गेली, माझ्या सदऱ्यावर आली. मी सदऱ्याकडे पाहिलंही नाही. आत एकाएकी सगळं शांत झालं. बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या.

नवसीची हाक काही आली नाही. पोराचीच आली. असं खणखणीत रडणं की कोंबड्या पळाल्या.

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि जांभळ्या तोंडाने रडायला लागल्या. मग मीही थोडा रडलो, शाईचं निमित्त करून.

नवसी बाहेर आली. घामाने भिजलेली, हसू मावत नव्हतं. "बाय, वेढा सुतलीपेक्षा बुळबुळीत व्हता गं," एवढंच म्हणाली.

ठमी आणि पोर दोघंही धड होती, मग अंगठ्यांची रांग लागली. पॅड पिळून निघाला होता, म्हणून बायकांनी बाईंच्या हातावरचीच शाई अंगठ्याला पुसून घेतली आणि कागदावर ठसे उमटवले. जमनाने तर स्वतःचा देऊन पोराचाही पुढे केला. मी तो नियमाप्रमाणे नाकारला.

दहा झाले. मी मोजले, पुन्हा मोजले. ठमीचं बाळंतपण बाईंनी त्यात घालू दिलं नाही, घालायची गरजही नव्हती. माझ्याजवळच्या कोऱ्या नोंदवहीत त्यांनी ती नोंद करायला लावली, आणि 'बाळंतपण कोणी केलं' या रकान्यात मी वळणदार अक्षरात नवसीचं नाव लिहिलं. खाली लाडकीने न विचारता अंगठा ठोकला.

निघताना म्हातारीने बाईंचा जांभळा हात धरला.

"आता जा. पन आयक. तीन वरसांनी तू परत यायला निघशील, तवा तिथल्या बाया तुला सोडायच्या नाय."

"मग मी काय करू गं?"

"काय करू म्हंजे? तिथं एक नवसी तयार कर, आन् ये."