चौथी कुपी

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. पण थांबा, आइस्क्रीम सांभाळणारा नव्हे हं! माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असते आणि त्या थंडीत माणसांचं रक्त जपलेलं असतं. दार उघडलं की पांढरी वाफ बाहेर पडते आणि नवखा माणूस दोन पावलं मागे सरतो. मला ते फार आवडतं.

मी प्रयोगशाळेत आलो त्या वर्षी डॉक्टरबाईंनी मोठं काम हाती घेतलं होतं. बस डेपोतल्या तीनशे माणसांचं रक्त जपून ठेवायचं आणि पुढे कोणाला मधुमेह होतो ते पाहत राहायचं. आजार येण्याआधीच रक्तात त्याच्या काही खुणा दिसतात का, हे त्यांना शोधायचं होतं.

रक्ताची जबाबदारी मामांकडे होती. मामा म्हणजे आमचे लॅब असिस्टंट. सगळी प्रयोगशाळा त्यांना मामाच म्हणायची. प्रत्येकाच्या रक्तातला वरचा पिवळसर भाग काढून ते चार चिमुकल्या कुप्यांत भरायचे. तीन कुप्या वापरायला, चौथीला लाल टोपण. लाल टोपणाला कोणी हात लावला की मामांचा पारा चढलाच!

"अहो मामा, चौथी काय नातवंडांसाठी ठेवताय?" डॉक्टरबाई हसून विचारायच्या.

"हसा खुशाल. हे एकदा वितळलं की पुन्हा गोठवून पहिल्यासारखं राहत नाही. उद्या नवी तपासणी निघाली, तर आजचं रक्त कुठून आणणार?"

त्या तीनशेंत एक ड्रायव्हर होता. आवाज असा, की बसला हॉर्न नसता तरी चाललं असतं. म्हणून डेपोत त्याला भोंगा म्हणत. साखरेचा रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हा माझ्या दारावर थाप मारून तो गरजला, "घोड्यासारखा ठणठणीत आहे मी! माझं रक्त प्रदर्शनात मांडा!" सोबतची त्याची चौदा वर्षांची मुलगी लाजून त्याची बाही ओढत होती.

वर्षं गेली. पहिल्या तीन कुप्या हळूहळू संपल्या. माझ्या दाराचं रबर सैल झालं, पाय गंजले. शेजारी एक नवा चकचकीत फ्रीझर आला आणि येणारे-जाणारे त्याचंच कौतुक करू लागले. मला राग यायचा, का खोटं बोलू? एक दिवस प्रयोगशाळेचे नवे साहेब आले आणि माझ्याकडे बघून नाक मुरडून म्हणाले, "हे धूड भंगारात काढा. त्या लाल टोपणांना बारा वर्षांत कोणी विचारलंय का? टाकून द्या."

माझी तर पाचावर धारण बसली. मामांनी स्टूल ओढलं आणि माझ्या दाराला पाठ लावून बसले. "साहेब, पुढच्या वर्षी मी रिटायर होतोय. तोवर हा इथून हलणार नाही." साहेब पुटपुटत निघून गेले. मामा आठवडाभर डबासुद्धा तिथेच बसून खात होते.

त्याच महिन्यात भोंगा आला. हातात काठी, पायाला बँडेज. मधुमेहामुळे जखम भरत नव्हती आणि आवाज पार बसला होता. मुलगी आता सव्वीस वर्षांची, त्याच डेपोत ड्रायव्हर झालेली.

"बाई, हिची साखर नॉर्मल आली," तो म्हणाला. "पण माझीही नॉर्मलच होती की हो! मग हिचं काय?"

डॉक्टरबाईंनी त्याची जुनी फाइल काढली. "एक नवी तपासणी आहे. पण हिच्या रक्तात काय शोधायचं ते कळायला आधी तुमचं बारा वर्षांपूर्वीचं रक्त हवं, तेही एकदाही न वितळलेलं."

मामांनी हातमोजे केव्हाच चढवले होते. माझं दार उघडलं आणि भोंग्याची चौथी कुपी बाहेर आली. जशीच्या तशी! मित्रांनो, त्या दिवशी माझा ऊर भरून आला.

उत्तर मिळालं. तेव्हा त्याची साखर नॉर्मल होती खरी, पण ती तशी ठेवायला शरीरातलं इन्सुलिन दुपटीने राबत होतं. आणखी दोन खुणाही होत्या. मग बाकीची लाल टोपणंही उघडली. पुढे मधुमेह झालेल्या बऱ्याच जणांच्या रक्तात त्याच खुणा निघाल्या. आणि मुलीच्या ताज्या रक्तातही.

"म्हणजे मला होणारच?" तिने विचारलं.

"होणारच असं नाही. शक्यता जास्त आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुझ्या बाबांना हे सांगणारं कोणी नव्हतं. तुला आज कळलंय. हातात वेळ आहे."

तिने मनावर घेतलं. डेपोपर्यंत चालत जाऊ लागली, खाणं आणि झोप वेळेवर केली. वर्षाने पुन्हा रक्त दिलं, तेव्हा इन्सुलिनची धावपळ बरीच कमी झाली होती. रिपोर्ट ऐकून भोंगा असा ओरडला, की माझ्यातल्या कुप्या थरथरल्या. आवाज परत आला होता पठ्ठ्याचा!

तो मामांचा शेवटचा दिवस होता. मुलीच्या चार कुप्या त्यांनी भरल्या, पण चौथीचं लाल टोपण या वेळी डॉक्टरबाईंनी स्वतः लावलं. हसल्या नाहीत.

"ही कधी उघडायची?" मुलीने विचारलं.

"उघडायची वेळच येऊ नये," मामा म्हणाले, "पण आली, तर असायला हवी."

नवे साहेब दारात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराला नवं रबर बसलं.

म्हणून मित्रांनो, रिपोर्ट नॉर्मल आला की टिमकी वाजवत सुटू नका, शरीराची काळजी आधीपासून घ्या. आणि कधी माझ्याकडे आलात, तर वाफेची गंमत बघून दार लगेच घट्ट लावा. आत तिची चौथी कुपी आहे.