दोन किडन्यांची अदलाबदल

धनश्रीचे वडील हिलाल पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंग मिसळायचे. पारोळ्याहून सुरतेला आल्यापासून बावीस वर्षं त्यांनी तेच काम केलं, आणि आजारपणासाठी फारशी रजा घेतली नाही. पण वाढलेल्या रक्तदाबाने आतल्या आत दोन्ही किडन्या निकामी केल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं.

धनश्रीची आई उषाबाई किडनी द्यायला लगेच तयार झाल्या होत्या, पण रक्तगट आडवा आला. हिलालचा ए, उषाबाईंचा बी. धनश्री स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, तिचा एबी. म्हणजे तीही बाद.

एका गुरुवारी दुपारी पर्वत पाटियाच्या डायलिसिस सेंटरवर शेजारच्या पलंगावर नवा पेशंट आला. चंद्रकांत नावाचे बँकेतले अधिकारी, सोबत त्यांची बायको अलका, शाळेत शिक्षिका. मराठी कानावर पडताच ओळख झाली. बोलता बोलता अलकाताई म्हणाल्या की त्यांनाही किडनी द्यायची होती, पण त्यांचा गट ए आणि नवऱ्याचा बी.

धनश्री चहा ओतता ओतता थांबली.

"काकू, पुन्हा सांगा. तुमचा ए आणि काकांचा बी?"

"हो. का गं?"

"आमच्याकडे बरोबर उलटं आहे."

अलकाताईंना काही उमगेना. धनश्रीने रिपोर्टच्या पाकिटावर चार नावं लिहिली आणि दोन बाण काढले. आईकडून काकांना, काकूंकडून पप्पांना. बाण एकमेकांवरून आडवे गेले आणि अलकाताईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. मशीनला जखडलेले दोन्ही पुरुष माना वळवून त्या पाकिटाकडे बघू लागले.

डॉक्टरांनी सांगितलं की अशी अदलाबदल कायद्याने करता येते. मात्र चौघांच्या सगळ्या तपासण्या, समितीची मंजुरी, आणि चारही ऑपरेशनं एकाच दिवशी, म्हणजे मधेच कोणी माघार घ्यायला नको. धनश्री फाइल घेऊन पाच महिने धावत होती. क्रॉसमॅच, म्हणजे देणाऱ्या-घेणाऱ्याच्या रक्ताची शेवटची चाचणी, जुळल्याचा फोन आला तेव्हा ती लॅबमध्ये नमुने लावत होती. तिने हातमोजे काढायचीही वाट पाहिली नाही, तशीच घरी फोन लावला.

द्यायची तर देईन, पण काय देतेय ते तरी दाखव, असं उषाबाईंनी लेकीला बजावलं होतं. म्हणून रविवारी धनश्रीने खाटकाकडून बोकडाची किडनी आणली आणि ताटात ठेवून उभी चिरली. माणसाची याहून मोठी, मुठीएवढी, पण घडण पुष्कळशी अशीच, ती म्हणाली. बाहेरचा पट्टा, आत गडद भाग, आणि मधे पोकळी; तिथे लघवी जमते आणि नळीने खाली मूत्राशयात उतरते. माणसाच्या एकेका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. दोन्ही किडन्यांतून मिळून दिवसाला दीडशे-पावणेदोनशे लिटर पाणी गाळलं जातं.

उषाबाईंनी तिला तिथेच अडवलं. इतकं पाणी गाळलं जातं, तर माणूस सुकून कसा जात नाही?

धनश्रीला आईचा अभिमान वाटला. तोच तर खरा चमत्कार, ती म्हणाली. प्रत्येक गाळणीला पुढे एक वळणावळणाची नळी जोडलेली असते. ती पाणी, मीठ, साखर, जे कामाचं ते परत रक्तात ओढून घेते. उरतं ते दीड-दोन लिटर. शिवाय रक्त वाढवायचा निरोपही किडनीच हाडातल्या मगजाला धाडते. भिंतीला टेकून बसलेले हिलाल आपल्या फिकट तळव्यांकडे बघत म्हणाले, तरीच.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला आधी किडनी देणाऱ्या दोघी आत गेल्या. दुपारी सर्जन बाहेर आले. अलकाताईंची किडनी हिलालना जोडली होती. रक्त सोडताच ती पांढुरकी किडनी गुलाबी झाली आणि टेबलावरच लघवीची धार लागली. धनश्रीला उभं राहवेना, बसवेना. तिने चंद्रकांतकाकांचं विचारलं. उषाबाईंची किडनीही गुलाबी झाली होती, पण लघवीचा थेंब आला नव्हता.

शुद्धीवर येताच उषाबाईंचा पहिला प्रश्न तोच, आपल्या अहिराणीत.

"मनी किडनी चालू व्हयनी का, पोरी?"

धनश्रीने खरं ते सांगितलं. सोनोग्राफीत किडनीला रक्त नीट पोचत होतं. पण काढल्यापासून जोडेपर्यंत रक्ताविना गेलेल्या थोड्या वेळाने तिच्यातल्या बारीक नळ्यांना धक्का बसला होता. त्या सावरतात, असं डॉक्टर म्हणाले होते. उषाबाईंनी मान फिरवली. अलकाताईंनी दिलेली पहिल्या मिनिटाला कामाला लागली आणि आपलीच बसून राहिली, हे त्यांना खुपत होतं. दुसऱ्या दिवशी चंद्रकांतना एकदा डायलिसिस द्यावं लागलं. अलकाताई टाके सांभाळत उषाबाईंच्या पलंगाशी आल्या. "तुम्ही दिलंत, तिथेच तुमचं काम झालं," त्या म्हणाल्या. उषाबाईंना ते पटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सने चंद्रकांतच्या पिशवीत वीस मिली लघवी मोजली. तासाने साठ. अकरा वाजता दीडशे. धनश्री जिने चढून धावतच वर आली. धाप लागली होती, म्हणून तिने बोटांनीच आकडे करून दाखवले. उषाबाई कूस धरून उठल्या आणि मला तिथे ने म्हणाल्या.

काचेपलीकडे चंद्रकांत उशीला टेकून बसले होते. पलंगाच्या कडेला पिशवी लटकत होती आणि नळीतून पिवळसर पाणी थेंब थेंब नाही, सलग उतरत होतं. उषाबाई काचेला कपाळ लावून बघत राहिल्या. चंद्रकांतनी आतून हात जोडले. उषाबाईंनी मात्र पिशवीवरची नजर काढली नाही.

"मनी शे ती," माझी आहे ती, असं त्या शेजारून जाणाऱ्या वॉर्डबॉयला म्हणाल्या. त्याला ओ की ठो कळलं नाही.

पाचव्या दिवशी दोन्ही पुरुषांच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, दीडच्या खाली आलं. नर्सने बोलू नका, टाके ताणतील, असं कितीदा सांगितलं, तरी उषाबाईंनी पारोळ्याला बहिणीला फोन लावला आणि तासाला किती मिली झाली ते एकेक आकड्यासह सांगितलं.