खर्च तेवढंच उत्पादन

ज्या सेवेला बाजारात भाव नाही, तिचं उत्पादन तिच्या खर्चाइतकं धरायचं, हा सांख्यिकी कार्यालयातला नियम थोरलीच्या अंगवळणी पडला होता. परावलंबी माणसाला आंघोळ घातली, भरवलं, तर त्याचा भाव कसा ठरवणार? म्हणून सेविकेचा पगार, जागेचं भाडं आणि विजेचं बिल यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेला उत्पादन म्हणायचं. नियमात लबाडी नव्हती. याहून बरं काही कोणाला सुचलं नव्हतं, एवढंच.

यंदा राज्याच्या समाजसाहाय्य क्षेत्राचा तक्ता तिने पुरा केला, तेव्हा दिवसभर सांभाळ करणाऱ्या केंद्रांची ओळ बरीच खाली आलेली दिसली. सर्वांत जास्त घसरलं होतं तिच्या धाकट्या बहिणीचं केंद्र. आणि घसरलेली केंद्रं बंद करायची, असं वित्त विभागाने आधीच जाहीर केलं होतं.

त्या केंद्रात दोघींचा भाऊ, दादा, रोज जात असे. अपघातात डोक्याला मार लागल्यापासून त्याला एकटं ठेवता येत नव्हतं. तो गॅस सुरू करून विसरायचा, नाहीतर चपला न घालता रस्त्यावर जाऊन उभा राहायचा.

घरी आल्यावर थोरलीने धाकटीला आकडा सांगितला.

"घसरलं? अगं ताई, पाय ठेवायला जागा नाही आमच्याकडे! माणसं दीडपट झालीत."

"तुमचे पगार अर्धे झाले ना?"

"झाले नाहीत, आम्ही सोडले. अनुदान कापलं, तेव्हा चौघींनी मिळून ठरवलं, की अर्ध्यात करू पण केंद्र चालू ठेवू. तुमच्या सरकारातल्या मोठ्या साहेबांनी तेव्हा पाठ थोपटली होती."

"त्यानेच घसरलं."

धाकटीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "म्हणजे आम्ही दुप्पट पगार उकळला असता, तर दुप्पट काम झालं असं धरलं असतं?"

"हो."

"शुद्धीवर असता ना गं सगळे तिथे?"

दादा मोठ्याने हसला. कोणी आवाज चढवला की तो हसायचा.

पुढच्या आठवड्यात थोरलीने वेगळा हिशेब केला. खर्च बाजूला ठेवून किती माणसांना किती तास सांभाळलं, ते तिने मोजलं. या रीतीने तीच ओळ वर जात होती. कागद घेऊन ती संचालकांकडे गेली. त्यांनी तो दोनदा वाचला.

"काम चोख आहे," ते म्हणाले. "पण हे घेतलं तर मागची सगळी वर्षं पुन्हा करावी लागतील. इतर राज्यांशी तुलनाही राहणार नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "तुमचे बंधू तिथेच जातात ना?"

"हो."

"मी काही म्हणत नाही, बाई. पण दुसरं कोणीतरी म्हणेल."

तिने कागद परत घेतला. "निदान तळटीप देऊ का? आकडा का घसरला ते कळेल."

"द्या की. तळटिपेला कोण अडवतं?"

तळटीप तिने स्वतः लिहिली. नेमकेपणाची तिला सवयच होती. सेवा कमी झालेली नाही, लाभार्थी वाढले आहेत, सेविकांनी स्वेच्छेने निम्मे वेतन घेतल्यामुळे उत्पादन कमी दिसते आहे, असं तिने लिहिलं. एकही शब्द जास्तीचा नव्हता.

वित्त विभागात ती तळटीप वाचली गेली. खरं तर तेवढीच वाचली गेली. त्यांचं उत्तर महिनाभरात आलं. ही सेवा निम्म्या खर्चात आणि स्वेच्छेने देता येते असं सांख्यिकी कार्यालयानेच दाखवून दिलं आहे, तेव्हा ती कुटुंबांनी आणि स्वयंसेवकांनी चालवावी, असं त्यात होतं. एकट्या धाकटीच्याच केंद्राचं अनुदान थांबलं नाही, राज्यातल्या सगळ्याच केंद्रांचं थांबलं.

"तळटीप घालायला तुला सांगितलं कोणी होतं?" धाकटीने विचारलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"खरं होतं ते."

"होतं गं. म्हणून तर त्यांना चाललं."

धाकटीला औषधांच्या गोदामात पॅकिंगचं काम मिळालं, दिवसपाळीचं. घर चालवायला थोरलीचा एक पगार पुरत नव्हता. दादाजवळ बसायला बाई ठेवायची, तर ती धाकटीच्या पगाराहून जास्त मागत होती. दोघींनी तीनदा बेरीज करून पाहिली आणि मग त्या विषयावर बोलणं सोडून दिलं.

रविवारी सुतार आला.

"कडी बाहेरून?" त्याने विचारलं. "चोराला आत कोंडून ठेवता की काय, ताई?"

मग त्याचं लक्ष दादाकडे गेलं आणि त्याने मुकाट्याने ड्रिल सुरू केलं. दादाला माणसं आलेली आवडत. तो सुताराच्या शेजारी उकिडवा बसला आणि एकेक स्क्रू उचलून त्याच्या हातात देऊ लागला.

"हुशार आहेत हो," सुतार हळूच म्हणाला.

दादाने मान हलवली आणि पुढचा स्क्रू पुढे केला.