आत्याच्या हातचा निंब

पिंकीताईंनी मिक्सरचं झाकण तळहातानं दाबून धरलं आणि बटण फिरवलं. भांड्यात कडुनिंबाचा कोवळा पाला गरगरला, हिरवागार झाला, मग काळपट. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडलं आणि समाधानानं मान हलवली.

"कसा फर्स्टक्लास कडू झाला! कन्हानवरून निघताना मुद्दाम नदीकडच्या झाडाचा तोडला. शहरातल्या झाडाले कडवटपणाच नाही राहिला."

"ताई, ते चटणीचं भांडं होतं," पोळ्या लाटता लाटता पायल म्हणाली.

"धुवून देते न."

"धुवून जात नाही तो कडूपणा."

"तेच तर पाहिजे वं!" पिंकीताई हसल्या आणि वाटण चमच्यानं वाटीत काढू लागल्या.

या घरातली रीत अशी होती, की पोराचं अंगावरचं दूध तोडायचं तर निंब आत्यानं आपल्या हातानं वाटायचा, आईच्या छातीला लावायचा, आणि पोरानं तोंड फिरवलं की आत्याला साडी मिळायची. पायलची लेक अबोली दोन वर्षांची होऊन गेली होती आणि अजून पीत होती. पुढच्या आठवड्यात पारशिवनीला नात्यातलं लग्न होतं. त्या लग्नात नेसायच्या साडीचा रंगही पिंकीताईंनी ठरवून ठेवला होता.

स्वयंपाकघराच्या दारात पायलची सासू, रंभाबाई, तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. लेकीकडे त्यांनी एकदा पाहिलं, सुनेकडे एकदा, आणि पुन्हा शेंगांकडे.

"चार लोकांत पोट्टी ब्लाऊज ओढते. बरं दिसते का ते?" पिंकीताई म्हणाल्या.

"तिले पाहिजे असते म्हणून ओढते. चार लोकांनी दुसरीकडं पाहावं."

"डॉक्टर तर सहाच महिने सांगतात."

"सहा महिने नुसतं दूध. मग वरचं खाणं सुरू करून दोन वर्षं, अन् त्याच्याही पुढं मायलेकीले वाटते तोवर. मी विचारून आली."

"वाटते तोवर! म्हणजे तिच्या लग्नाच्या मांडवातही पाजशील का?"

"मागितलं तर पाजीन. नवरदेवाले सांगू, थांब जरा."

रंभाबाईंच्या हातातली शेंग फुटली आणि दाणे टोपलीबाहेर उडाले. त्या ते वेचायला वाकल्या आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ वाकून राहिल्या.

पिंकीताईंनी वाटी ओट्यावर ठेवली, जवळ आल्या आणि आवाज खाली आणला. "अवं, तुले समजून नाही राहिलं. हे चालू आहे तोवर दुसरं कसं राहीन? आईचंही वय झालं. एक भाऊ नको का पोट्टीले?"

पायलचं लाटणं थांबलं. नदीकाठच्या त्या झाडाची मुळं कुठवर आली होती ते आता दिसलं. तिनं तव्यावरची पोळी उतरवली, गॅस बंद केला आणि हात पदराला पुसले.

"ताई, अंग माझं, दूध तिचं. यात तिसऱ्याचं काय आहे ते मले सांगा."

"पियूष, तू तरी बोल गा!" पिंकीताईंनी बाहेर हाक मारली.

"माझं काही म्हणणं नाही," बाहेरच्या खोलीतून पायलच्या नवऱ्याचा आवाज आला. पियूषचं कशातच काही म्हणणं नसे. स्वतःच्या लग्नातही नव्हतं; भटजी "सावधान" म्हणाले तेव्हा तो इकडेतिकडे पाहत होता.

त्याच वेळी अबोली झोपेतून उठून, पेंगत, पाय ओढत स्वयंपाकघरात आली. पायलनं तिला उचलून ओट्यावर बसवलं आणि वाटी तिच्यासमोर धरली.

"आत्यानं कन्हानवरून आणलं तुझ्यासाठी. चाखून पाहते?"

अबोलीनं बोट बुडवलं आणि चाटलं. तिचा सगळा चेहरा नाकाच्या शेंड्यावर गोळा झाला. रडावं की काय, याचा तिनं थोडा विचार केला. मग दोन्ही हातांनी वाटी उचलून तिनं पिंकीताईंच्या तोंडापाशी नेली.

"आत्या, तू खा."

रंभाबाईंना खोकला लागला. तो बराच वेळ थांबला नाही.

पायल तिथंच, स्वयंपाकघराच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसली आणि तिनं अबोलीला पाजायला घेतलं. पदर ओढून घेतला नाही. कडू झालेल्या तोंडानं अबोली असं प्यायली, की गिळण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

जेवताना चटणी कडू लागली. पिंकीताईंनी मात्र ती दोनदा मागून घेतली. जाताना त्यांनी वाटीवर झाकण ठेवून ती फ्रीजमध्ये सारली. "अक्कल आली की लावजो," त्या पायलला म्हणाल्या.

पायल सदर बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि संध्याकाळी घरी यायची. चपला काढायची, हात धुवायची आणि खिडकीजवळच्या दिवाणावर बसायची. अबोली जिथं असेल तिथून धावत यायची. रात्री तर तेवढंही लागत नसे. डोळे न उघडता ती तोंडानं शोधत यायची आणि पायलही अर्धवट झोपेतच कूस वळवायची. त्या घरातलं तेवढंच एक काम होतं, जे कुणाला हाक न मारता होत असे.

पिंकीताई गेल्या त्यानंतरच्या मंगळवारी ती दिवाणावर बसली तेव्हा अबोली आजीजवळ तुरीचे दाणे खात होती. तिनं आईकडे पाहिलं, उठली आणि आपली एका डोळ्याची बाहुली घेऊन आली.

"हिले दे," ती म्हणाली. "हिले भूक लागली."

पायलनं बाहुली छातीशी धरली. अबोलीनं थोडा वेळ कमरेवर हात ठेवून पाहिलं, बाहुली नीट पिते आहे याची खात्री करून घेतली आणि दाण्यांकडे परत गेली.

रात्री पायलला सवयीनं जाग आली. अबोली भिंतीकडे तोंड करून झोपली होती. सकाळी तिनं मागितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घरात कुणी नाही असं पाहून पायलनं एकदा हळूच विचारलं, लाच द्यावी तसं, "दुदू पाहिजे?"

"नाही. पाणी," अबोली म्हणाली आणि स्वतःच माठाकडे गेली.

"सोडायचं तेव्हा ती सोडेल." हे पायल शेजारणीला म्हणाली होती, डॉक्टरीणबाईंना म्हणाली होती, पिंकीताईंना तर फोनवरही म्हणाली होती. त्या वाक्यात कुठेतरी एक मंगळवारही आहे, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. अजून कितीतरी उत्तरं तिच्याजवळ तयार होती. आता भांडायला कंबर कसून उभं राहावं, तर ज्याच्यासाठी भांडायचं तेच उठून निघून गेलेलं.

दुकानात एका गिऱ्हाइकाचं मूल रडलं आणि तिचा ब्लाऊज ओला झाला. घरी येऊन तिनं न्हाणीघराचं दार लावलं, नळ मोठा सोडला आणि ताठलेली छाती हातानं हलकी केली. बाहेर आली तेव्हा दिवाणावर माठाच्या पाण्यात भिजवून पिळलेला पंचा घडी करून ठेवलेला होता. खोलीत कुणी नव्हतं. स्वयंपाकघरात फ्रीजमधली ती वाटी घासून पालथी घातली होती.

"गोडनिंबाच्या कुंडीत टाकला मी तो," कढीपत्त्याच्या कुंडीकडे बोट दाखवत, न विचारता रंभाबाई म्हणाल्या. "कीड लागली होती झाडाले."

त्यांनी शेंगांची टोपली पुढं ओढली.

पारशिवनीच्या मांडवात बायका सतरंजीवर बसल्या होत्या. अक्षता पडून गेल्या होत्या, पंगतीला अवकाश होता. अबोली मुलांमध्ये खेळत होती. नवरदेवाची आई कौसल्याबाई, म्हणजे पियूषची मोठी काकू, पान लावत म्हणाल्या, "पायल, पोट्टी सकाळपासून तुझ्याजवळ आली नाही वं. सुटलं वाटते?"

"सुटन नाही तर काय!" पायलच्या आधी पिंकीताईच बोलल्या. "निंब कोणाच्या हातचा होता? आई, माझी साडी बाकी आहे बरं."

"सुटलं एकदाचं," कौसल्याबाई सगळ्यांकडे, मग रंभाबाईंकडे पाहत म्हणाल्या. "आता पुढच्या वर्षी नातवाच्या बारशाले येतो म्हणा आम्ही!"

बायका हसल्या. कुणीतरी पायलच्या मांडीवर चापट मारली. तेवढ्यात झोपेला आलेली अबोली गर्दीतून वाट काढत आली आणि आईच्या मांडीत शिरली. पायलनं तिला दोन्ही हातांनी वर ओढून घेतलं.

"नाही सुटलं," ती म्हणाली. "अजून पिते."

"काही पण!" पिंकीताई ताठ बसल्या. "सकाळपासून मी पाहून राहिली. एकदाही मागितलं नाही पोट्टीनं. हो न, आई?"

सगळ्यांनी रंभाबाईंकडे पाहिलं. पायलनं पाहिलं नाही. तिनं अबोलीच्या फ्रॉकचं सुटलेलं बटण लावायला घेतलं आणि ते काजात जाईना.

रंभाबाईंनी अडकित्ता मिटला. सुपारीचं खांड तोंडात टाकलं.

"दिवसा नाही मागत आता," त्या म्हणाल्या. "रात्री दोनदा उठते पियाले. मी बाजूच्याच खाटेवर झोपते, मले नाही तर कोणाले माहीत?" मग लेकीकडे वळून, "अन् साडी कायची? निंब तर लावलाच नाही आम्ही."

कौसल्याबाई पुन्हा पान लावू लागल्या.

रंभाबाई सरकत सरकत पायलच्या अगदी जवळ येऊन बसल्या. त्यांनी आपला पदर मोकळा केला, मायलेकींवर पांघरला आणि त्याचं टोक पायलच्या खांद्यामागे नीट खोचलं.

"पिऊ द्या तिले," त्या बायकांना म्हणाल्या. "तिकडं पाहा जरा."

बायकांनी तिकडं पाहिलं.

पदराखाली अबोली झोपली होती, तोंड मिटून. पायलनं मान खाली घातली. रंभाबाई वरून थोपटत राहिल्या, पोराला थोपटतात तशा, हळूहळू, एका लयीत. अबोली पुढं मांडीवर होती. त्यांचा हात पायलच्या पाठीवर होता.